उखळीचा सांधा

उधना, सुरत
१२ जानेवारी २०२५

ती. अक्कास,
पंडितचा शिरसाष्टांग नमस्कार.

करर्र... कुर्र. करर्र... कुर्र.

ओळख पाहू कसला आवाज. आपल्या दारातल्या निंबावरच्या झोक्याचा! आखाजीच्या सणाला दादा नवा दोर आणून बांधायचे, आणि तू उभ्याने झोका घेतलास की फांदीवर तो दोर असा कुरकुरायचा. मी खाली उभा राहून बघायचो, तुझी पावलं आभाळाला लागतात की काय. एकदा लागलीच होती. तू नाही म्हणालीस, पण मी पाहिलं होतं.

परवा सकाळी खुर्चीतून उठताना नेमका तोच आवाज आला. मी खिडकीबाहेर पाहिलं. इथे कुठला निंब! खाली साड्यांच्या गाठोड्यांचा टेम्पो उभा. पुन्हा बसलो, पुन्हा उठलो. आवाज माझ्या उजव्या गुडघ्यातून येत होता. साठ वर्षांपूर्वीचा झोका माझ्या पायात येऊन बसलाय, अक्का!

हे सुनेला सांगितलं तर जयश्री म्हणाली, "बाबा, झोका नाही, झीज आहे ती." आणि हाडांच्या शिबिरात घेऊन गेली. तिथे गुजराती डॉक्टर. गुडघ्याचा फोटो उजेडावर धरला आणि म्हणाले, "काका, घूंटण घसाई गयुं छे." मी त्यांच्याकडे पाहत नव्हतोच. मी फोटोकडे पाहत होतो. काळ्याभोर आभाळात दोन पांढरे खांब, एकावर एक तोललेले, आणि मध्ये उजेडाची बारीक फट. पंडित, म्हटलं, या दोन खांबांवर तू चाळीस वर्षं पांडेसराच्या मिलच्या रंगखात्यात ओल्या फरशीवर उभा राहिलास, आणि एकदा तरी त्यांची विचारपूस केलीस का?

तिथे व्यायाम शिकवायला साक्षी नावाची मुलगी आहे. माझ्यासोबत मिलमध्ये भुसावळकडचा धम्मपाल होता ना, त्याची नात. तिने फार छान समजावलं. म्हणाली, काका, ऑपरेशन ही शेवटची पायरी, जिना खालून चढायचा असतो. आधी वजन कमी करायचं, मांडीचे स्नायू घट्ट करायचे, जमिनीवर मांडी घालून बसणं सोडायचं, खुर्चीचा संडास वापरायचा. काठी धरायची ती दुखऱ्या पायाच्या उलट्या हातात. मी आपला दुखऱ्या बाजूलाच धरत होतो! मग गोळ्या, पण डॉक्टरांना विचारून, किडनी सांभाळून. काहींना इंजेक्शनने थोडे महिने बरं वाटतं. एवढ्यानेही झोप आणि चालणं गेलं, तर मग सांधा बदलायचा.

माझं विशेष काही नाही. थोडी झीज.

आता तुझं सांग. तीन वर्षांपूर्वी माझ्या नातीच्या लग्नात तू आमचा जिना चढून आलीस, तेव्हाच माझ्या कानांनी टिपलं होतं. या जिन्यावर कोण येतं ते मी पावलांच्या लयीवरून ओळखतो. माझा हेमराज दोन-दोन पायऱ्या घेतो, दूधवाला घसटत येतो. तुझं पाऊल वाजत होतं लांब-आखूड, लांब-आखूड. शाळेतल्या गुरुजींनी ऐकलं असतं तर म्हणाले असते, वृत्तात चूक आहे. तेव्हा तू म्हणालीस गुडघा. मग केलंस काय त्याचं?

फोनवर विचारत नाही. तुला ऐकू येत नाही आणि मला खरं सांगत नाहीस. तुझी नात मनीषा आहेच, तिच्याकडून लिहवून धाड.

तुझा,
पंडित

*

दोंडाईचा
२१ जानेवारी २०२५

चि. पंडितास अक्काचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मनीषाने दोनदा वाचलं. एकदा मला कळावं म्हणून आणि एकदा तिला हसू आलं म्हणून. माझी पावलं आभाळाला लागली नव्हती. निंबाच्या शेंड्यालासुद्धा लागली नव्हती. तू तेव्हाही असाच होतास.

गुडघ्याचं काय विचारतोस? डावा. तीन वर्षं निरगुडीचा पाला बांधला, मोहरीचं तेल चोळलं. पलीकडच्या गावचा हाडवैद्य दर अमावास्येला पट्टी बांधून देतो, त्याने गुडघ्याची सालं निघाली तेवढी. मग पोराने, आनंदाने, इथल्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरने गुडघ्याचा फोटो काढला आणि हसून म्हणाला, "आजी, गुडघा पंचविशीच्या पोरीसारखा आहे हो!"

त्या दिवसापासून मी खोटी पडले.

आनंदा माझा पोरगा वाईट नाही. पण परवा म्हणाला, "आई, फोटोत काही नाही ना, मग चाल की जराशी." सूनबाई काही म्हणत नाही. न म्हणण्याचासुद्धा आवाज असतो, पंडित. माझे कान गेलेत, पण तो ऐकू येतो. शेजारची म्हणाली, म्हातारपणी बायांना असं होतं, कोणीतरी जवळ बसावं वाटतं. आता मी कोणाला सांगतच नाही. तुला सांगते कारण तू लांब आहेस.

इथला शिंपीही आता कामाचा राहिला नाही. दोन परकर शिवून दिले, दोन्हींचा घेर डावीकडे लोळतो. मी त्याच्या दुकानासमोर उभी राहून चांगली हजेरी घेतली. "मोजमाप करता येत नसेल तर चहाची टपरी टाक," म्हटलं. तो म्हणतो, "आजी, कापड सरळ आहे." मग काय मी वाकडी आहे?

आणि माझी डाव्या पायातली जोडवी पडली ती पडलीच. पाय वर घेऊन घालता येत नाही. नखंसुद्धा मनीषा कापते. जाऊ दे. म्हातारपणी नटायचं कोणाला.

तू काठी उलट्या हातात धरायला शिकलास, बरं झालं. लहानपणी पाटीवरची पेन्सिलही उलटीच धरायचास.

अक्का

ता. क. – पंडितआजोबा, मी मनीषा. हे आजीने सांगितलेलं नाही. ती झोपल्यावर लिहिते आहे. आजी खाटेवरून उठते तेव्हा आधी पदर तोंडात धरते. आवाज येऊ नये म्हणून. घरातल्या घरात भिंतीला हात लावून चालते, भिंतीवर तिच्या हाताची तेलकट रेघ उमटलीय. ती नाटक करत नाही. पण फोटोपुढे माझं कोण ऐकणार?

*

उधना, सुरत
३० जानेवारी २०२५

ती. अक्कास,
सा. न.

अक्का, आधी खाली बस. म्हणजे खाली नको, उंच खुर्चीवर बस. मनीषा, हे सावकाश वाच, आणि आनंदालाही जवळ बोलव.

तुझं पत्र मी साक्षीला वाचून दाखवलं. रागावू नको. तिच्या व्यायामाच्या हॉलमध्ये कोपऱ्यात एक माणूस उभा असतो. नुसत्या हाडांचा, प्लास्टिकचा. पहिल्या दिवशी दचकलो होतो. आता जाता-येता त्याला नमस्कार करतो. दोनशेहून जास्त हाडं, आणि कुणालाही दुसऱ्याशिवाय अर्थ नाही. कवितेतल्या शब्दांसारखं.

मी वाचत होतो, साक्षी एका आजोबांच्या पायाला वाळूची पिशवी बांधत होती. हाडवैद्य आला, तिने मान हलवली. फोटो आला, ती पिशवीची गाठ आवळत राहिली. शिंप्याशी आलो आणि ती थांबली. म्हणाली, "काका, परकर कोणत्या बाजूला लोळतो?"

म्हटलं, "डावीकडे. शिंपीच..."

"आणि दुखतो कोणता पाय?"

"डावा."

"जोडवी कोणत्या पायातली?"

अक्का, मी पत्रात पुन्हा पाहिलं. डाव्याच. ती उठली, त्या हाडांच्या माणसाजवळ गेली आणि त्याच्या मांडीचं हाड धरून गोल फिरवलं. वर खुब्यात एक गुळगुळीत गोळा फिरला. "काका, शिंपी बरोबर आहे. आजींचा डावा पाय आखूड झालाय. आणि पाय गुडघ्यातून नाही, बहुतेक इथून आखूड झालाय. खुबा दुखतो, पण कधी कधी रडतो गुडघा. दोघांच्या शिरा एकाच घरातल्या. गुडघ्याचा फोटो शंभर वेळा काढला तरी चांगलाच येणार. वरचा काढायला सांगा."

आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी! तीन वर्षं आपण सगळे गुडघ्यावर पाणी मारत बसलो, आणि आग वर लागलेली.

मला गुरुजींनी रचलेल्या ओळी आठवल्या. चौथीत शाळेचं दार उघड-बंद करून आणि त्यांच्या घरची उखळ वर्गात आणून ते आपल्याला... तू तेव्हा शाळा सोडली होतीस, पण मी घरी घोकायचो आणि तू चुलीपाशी ऐकायचीस.

कोपर, गुडघा – बिजागरी,
दार उघड अन् बंद करी;
खांदा, खुबा उखळीपरी,
फिरे गरगरा, मौज खरी.

तिथेच उभं राहून म्हणून दाखवल्या. हॉलमधले सगळे म्हातारे व्यायाम सोडून ऐकायला लागले. एक सचिन गावच्या कारखान्यातला, एक हिऱ्यांवर मान वाकवून मान गमावलेला. साक्षी म्हणाली, "काका, आम्हाला हे एवढ्या जाड पुस्तकात शिकवलं." आपले गुरुजी, अक्का! खेड्यातल्या त्या मातीच्या वर्गात त्यांनी आपल्या हातात उखळ दिली होती, आणि आपण ती साठ वर्षं नुसती गुणगुणत आलो.

तू खोटी नाहीस. तू कधीच खोटी नव्हतीस. खुब्याचा फोटो काढ. आनंदा, बाळा, ताबडतोब ने.

पंडित

*

दोंडाईचा
९ फेब्रुवारी २०२५

चि. पंडितास आशीर्वाद.

फोटो काढला.

डॉक्टरने उजेडावर लावला आणि डावी-उजवी बाजू ताडून पाहिली. मग मलाही जवळ बोलावलं. उजवीकडचा गोळा कसा, पुनवेचा. डावीकडचा चपटा, कडा खाल्लेला, आणि उखळीत जागाच उरलेली नाही. हाडावर हाड. तो डॉक्टर तरुण आहे, पण बरा निघाला. म्हणाला, "आजी, माझ्याकडून राहून गेलं. मी वर बघायला हवं होतं." मी म्हटलं, "अरे, मीच तुला गुडघा दाखवला ना. तू कशाला वर बघशील?"

आनंदाने मला हात धरून गाडीत बसवलं. रस्ताभर गाडी हळू चालवली. घरी आल्यावर अंगणातून विटा आणल्या आणि माझ्या खाटेच्या चारही पायांखाली लावल्या, उठताना वाकायला नको म्हणून. विटा लावताना त्याची पाठ माझ्याकडे होती. ती बराच वेळ तशीच होती.

शिंप्याकडे मनीषाला धाडलं. म्हणावं, आजी चुकली. त्याने परकराची डावी बाजू दुमडून फुकट शिवून दिली. आता मला आणखीनच लाज.

डॉक्टर म्हणतो, गोळ्यांनी थोडे दिवस निघतील, पण हा गोळा परत गोल व्हायचा नाही. बदलावा लागेल. तसा धुळ्यालाही बदलतात. पण मला भीती वाटते, पंडित. मी बाळंतपणंसुद्धा घरी केलेली बाई. कोणी मला निजवून माझी मांडी कापणार, आणि मी डोळे मिटून पडणार?

सुरतेला करीन. तू जवळ असलास तर करीन. पण एक अट आहे. मी आपली आपण उठून यायची नाही. माहेरी जायचं तर मुऱ्हाळी न्यायला लागतो. आई गेली, दादा गेले, माहेर म्हणजे आता तू. तू स्वतः ये. हेमराज नको, मोटार नको. दोंडाईचाच्या फलाटावर तू उतर, आणि माझी पिशवी हातात घे. तू आलास की मी हो म्हणेन. तोवर नाही.

पहिल्या आखाजीची आठवण आहे ना?

अक्का

*

उधना, सुरत
१८ फेब्रुवारी २०२५

ती. अक्कास,
सा. न.

आठवण आहे का म्हणतेस! दहा वर्षांचा होतो. दादांना ताप, म्हणून गाडीवानासोबत मला मुऱ्हाळी करून धाडलं. डोक्यावर माझ्यापेक्षा मोठा फेटा. तुझे सासरे ओसरीवर बसलेले. म्हणाले, "घरात काम आहे, पुढच्या वर्षी बघू." आणि मला गूळपाणी पुढे केलं. दादांनी बजावलं होतं, मुऱ्हाळ्याने हो ऐकल्याशिवाय पाण्याला शिवायचं नसतं, आणि त्याला रिकामं परत धाडायचंही नसतं. मी उंबऱ्यावर बसलो. म्हटलं, "पाणी नको. आधी हो म्हणा." ऊन फिरलं, सावली फिरली. तू दाराआड उभी होतीस, मला तुझी बांगडी दिसत होती. शेवटी तुझे सासरे हसले. "ने रे बाबा, ने. पोरगं तहानेनं मरायचं." ते पाणी किती गोड होतं, अक्का.

मी येईन. नक्की येईन. आत्ता लगेच नको म्हणतो, कारण गाड्यांना गर्दी आहे. हेमराजच्याही मिलमध्ये धावपळ चालू आहे. थोडी थंडी ओसरू दे. आखाजी आहेच की एप्रिलअखेर.

तोवर तुला धीर यावा म्हणून काल पाहिलेलं सांगतो. साक्षीच्या हॉलमागेच ऑपरेशनवाल्यांचा वॉर्ड आहे. कामरेजकडच्या एक आजी, परवा खुबा बदलला, आणि काल उभ्या! चार पायांचा वॉकर धरून. साक्षी म्हणाली, "आजी, पाऊल टाका." त्यांनी टाकलं. मग वर पाहिलं. अक्का, तो चेहरा मी कुठे पाहिला होता, तर हेमराज पहिल्यांदा उभा राहिला तेव्हा. पडलो नाही, हे बाळाला कळतं ना, तसा. अख्खा वॉर्ड म्हणजे बालवर्ग आहे. सत्तर-ऐंशीची बाळं एकमेकांचं चालणं बघून टाळ्या वाजवतात. मी दारात उभा राहून बघतो आणि माझे डोळे भरतात. आपल्या आजीच्या काळी माणूस एकदा खाटेवर पडला की तिथून तिरडीवरच जायचा. आणि आता माणसानेच माणसासाठी उखळ घडवली. धातूचा गोळा, त्यावर पायाने लिहायचं नवं आयुष्य!

भिऊ नकोस. मी पाहिलंय.

पंडित

(याच पाकिटात, वेगळ्या कागदावर)

आत्याबाईंना जयश्रीचा नमस्कार.

पाकीट मी पोस्टात टाकणार, म्हणून ही चिठ्ठी आत घालते. बाबांना माहीत नाही. माझं मराठी सुरतचंच, सांभाळून घ्या.

बाबांना थोडी झीज नाही. उजवा गुडघा पूर्ण गेलाय, डावाही चालू झालाय. डॉक्टरने पहिल्याच दिवशी सांगितलं, बाकी पायऱ्या संपल्या, बदलून टाका. दोनदा तारीख दिली. एकदा म्हणाले अमावास्या आहे, एकदा म्हणाले आधी अक्काचं होऊ दे. तिसऱ्या मजल्यावरून खाली उतरायचं तर मी एका बाजूला, हे एका बाजूला. संडासापर्यंत भिंत धरून जातात आणि तुम्हाला आणायला स्टेशनवर येतो म्हणतात! हॉलमध्ये मात्र रोज जायचं असतं. आम्ही उचलून रिक्षात घालतो. तिथे बसून दुसऱ्यांचं चालणं बघतात, कविता म्हणतात. सगळ्यांना धीर देतात. स्वतःचं नाव काढलं की खिडकीबाहेर बघायला लागतात.

तुम्ही त्यांची वाट बघत राहाल आणि पाय आणखी जाईल, म्हणून लिहिलं. मला रागवा हवं तर.

जयश्री

*

दोंडाईचा
२६ फेब्रुवारी २०२५

पंडितआजोबांना मनीषाचा नमस्कार.

आजीने सांगितलेलं एवढंच लिहिते.

"पंडितला म्हणावं, आता मुऱ्हाळी लागत नाही."

बाकी काही लिहू नको म्हणाली. आम्ही सगळे उद्या धुळ्याला जातो आहोत, थोडे दिवस घराला कुलूप असेल. पत्र टाकू नका.

मनीषा

*

उधना, सुरत
२२ मार्च २०२५

ती. अक्कास,
सा. न.

टाकू नका म्हटलंस तरी टाकतो. कुलूप असलं तर दाराच्या फटीतून आत पडून राहील.

तू रुसलीस. मुऱ्हाळी लागत नाही, म्हणजे माहेर लागत नाही, एवढं मला कळतं. फोन केला तर आनंदा म्हणतो, "आई बरी आहे, झोपली आहे." सकाळी झोपली, दुपारी झोपली. तू जन्मात दिवसा झोपली नाहीस.

जयश्रीने काय लिहिलं ते तिने काल आपणहून सांगितलं. तिला रागावलो नाही. ती खरं बोलली.

अक्का, मी घाबरतो. लाज वाटते लिहायला. त्या वॉर्डाच्या दारात उभा राहून रोज चमत्कार पाहतो, आणि आत पाऊल टाकवत नाही. दुसऱ्याच्या हाडाचा फोटो पाहिला की मला आभाळ दिसतं. माझ्या हाडाचा पाहिला की आई दिसते. तिने न्हाऊ घालताना हे गुडघे चोळले, तू मला कडेवर घेतलंस तेव्हा हेच तुझ्या कमरेला टोचायचे. ते कापून बाजूला ठेवणार, मग कुठे टाकणार? असले वेडे विचार येतात. साक्षीला विचारलं तर ती हसली नाही. म्हणाली, "काका, सगळं हाड काढत नाहीत. घासलेली कड काढून वर नवी टोपी बसवतात. आईने दिलेलं बरंचसं तुमच्याकडेच राहतं." ऐकून बरं वाटलं. तरी तारीख घेतली नाही.

तू धुळ्याला कशाला गेलीस? कोणाचं लग्न? पायाचं काय केलंस? भिंत धरून चालतेस का अजून? एक ओळ धाड. शिव्या दिल्यास तरी चालेल.

पंडित

*

उधना, सुरत
२७ एप्रिल २०२५

ती. अक्कास,
सा. न.

परवा नाही तेरवा आखाजी. तुझी ओळ आली नाही. तरी लिहायला बसलो, कारण आखाजीच्या आठवड्यात तुझ्याशी बोललो नाही असं एकही वर्ष गेलेलं नाही.

इथे खान्देशातल्या बायांनी मैदानात लोखंडी पाळणा भाड्याने आणलाय. त्याला आवाजच नाही. जयश्रीने पुरणाची डाळ निवडून ठेवली आहे. मी सकाळपासून खुर्चीत. उठलो की झोका वाजतो, म्हणून उठत नाही.

काल ठरवून टाकलं होतं की हेमराजला सांगायचं, मला दोंडाईच्याला ने. उचलून ने, पाठीवर ने, पण अक्काच्या दारात नेऊन ठेव. तुझ्या उंबऱ्यावर बसेन, तू हो म्हणेपर्यंत पाण्याला शिवणार नाही. मग लक्षात आलं, बसलो तर उठणार कसा? मुऱ्हाळ्यालाच उचलायला चार माणसं...

जिन्यावर कोणीतरी येतंय.

हेमराज नव्हे. त्याची दोन-दोन पायऱ्यांची उडी नाही. दूधवाला नव्हे. काठी आहे. काठी, पाऊल, पाऊल. सावकाश, पण दोन्ही पावलं सारखी. वृत्तात कुठे चूक नाही. या इमारतीत अशा चालीचं कोणी नाही. पहिल्या मजल्यावर थांबलं... पुन्हा निघालं. मागे आणखी कोणी हलक्या पायाचं आहे, हसू दाबतंय. दुसऱ्या मजल्यावर थांबलं नाही. शेजारच्यांकडे पाहुणा असेल.

नाही. आमच्याच दारापाशी.

जयश्री गेली उघडायला. तिने "अगंबाई" म्हटलं आणि पुढचं गिळलं.

*

पेन हातातच आहे, अक्का, म्हणून लिहितोच आहे. तू समोर बसलीस तरी. तू अजून एक शब्द माझ्याशी नीट बोलली नाहीस, आणि माझ्या तोंडून तर शब्दच फुटत नाही. कागदावर तेवढा फुटतो.

मनीषाने पिशवी खाली ठेवताना सगळं भराभरा सांगून टाकलं. धुळ्याचं लग्न नव्हतंच. आठ आठवड्यांपूर्वी धुळ्यात तुझा खुबा बदलला. तू तिला बजावलंस, त्याला कळवायचं नाही. तो आधी कविता करेल आणि मग रडेल. ऑपरेशनच्या टेबलावर भीती वाटली तेव्हा तू गुरुजींच्या ओळी म्हटल्यास, उखळीपरी, उखळीपरी, आणि भूल देणाऱ्या डॉक्टरला वाटलं आजी देवाचं काही म्हणतेय. भिंतीवरची तेलकट रेघ आनंदाने चुना लावून पुसली. परकर शिंप्याने उसवून पुन्हा सरळ केला. तो आता सरळच पडलाय, मी पाहतोय. दोन्ही बाजूंना सारखा. आणि डाव्या पायात जोडवी आहेत.

काठी उजव्या हातात. उलट्या. शाबास.

हेमराज धावत वर आला, म्हणाला, "आत्याबाई, आत या, सोफ्यावर बसा." तू म्हणालीस, "खाली बसायचं नाही सांगितलंय माले. उंच खुर्ची आण. नाही, आत नको. इथं." आणि दार उघडं टाकून, बरोबर उंबऱ्यावर खुर्ची मांडून घेतलीस. अर्धी जिन्यात, अर्धी घरात. खालच्या मजल्यावरच्या बाई डोकावून गेल्या. तू ढळली नाहीस.

जयश्री पाण्याचा तांब्या घेऊन आली. तू हात आडवा केलास.

"पाणी नको. आधी त्याला हो म्हणू दे."

मग माझ्याकडे वळून, साठ वर्षांत पहिल्यांदा तू माझ्याशी आईच्या आवाजात बोललीस.

"तुले लेवाले वनू, पंडित. मुऱ्हाळीले रिकामं धाडतस का?"

पन्नास पायऱ्या चढून मला न्यायला आलीस. माझीच अट, माझाच उंबरा, आणि आता तो फेटा तुझ्या डोक्यावर. बाहेर ऊन आहे, तुझे ओठ सुकलेत, आणि मी तुला ओळखतो. तू संध्याकाळपर्यंत बसशील. उद्यापर्यंतही बसशील. तहानेने मरशील, पण पिणार नाहीस.

हेमराज, साक्षीला फोन लाव. म्हणावं, काका तारीख मागतायत. अमावास्या असली तरी चालेल.

आणि जयश्री, तो तांब्या दे इकडे. तिला पाणी मी देणार. कोणी धरू नका मला, फक्त काठी द्या, डाव्या हातात. उठतोय.

करर्र... कुर्र.

ऐकलंस का गं, अक्का?